स्लेजची दोरी कोणाच्या खांद्यावर?

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर आम्ही काही मित्र मागच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. विषय होता फेब्रुवारीत काश्मीरमधील गुलमर्गला जाऊन बर्फावर स्कीइंग शिकण्याचा. बँकेतले भाऊ, रेल्वेतले भाऊ, प्राध्यापक मित्र, शासकीय रुग्णालयातल्या परिचारिका ताई आणि आम्ही, अशी पाच कुटुंबे. कोणाची रजा कधी मिळते, मुलांच्या परीक्षा कधी आहेत, याची जुळवाजुळव चालू होती. तेवढ्यात चळवळीत पस्तीस वर्षे घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते आत आले. त्यांनी सगळे ऐकले आणि एकच वाक्य टाकले, "वकीलसाहेब, समाज जळतोय आणि तुम्ही बर्फावर घसरायला चाललात?"

खोलीत शांतता पसरली. ज्येष्ठांना उलट बोलण्याची आमची रीत नाही. परंतु प्रश्न जाहीरपणे विचारला गेला, म्हणून त्याचे उत्तरही जाहीरपणे देणे आम्हास आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अशी की, विश्रांती आणि आनंद ही श्रीमंतांची मक्तेदारी आहे हे आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांनाही ते मान्य नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. कारखान्यातील कामगाराला पगारी रजेचा हक्क देणारी १९४५ ची दुरुस्ती आणि बारमाही कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती, या त्यांच्याच खात्याच्या काळातल्या. पगारी रजा म्हणजे काय? कामगार हा यंत्राचा सुटा भाग नाही, त्याला स्वतःचे आयुष्य आहे, याची कायद्याने दिलेली कबुली. ती रजा घेऊन रेल्वेतले भाऊ आपल्या मुलीला बर्फ दाखवायला नेत असतील, तर ते चळवळीपासून पळत नाहीत. चळवळीने मिळवलेले ते वापरत आहेत.

दुसरी गोष्ट. बाबासाहेब स्वतः मित्र-सहकाऱ्यांबरोबर सहलीला गेले होते. १९३४ साली सुमारे तीस जणांचा जथा वेरूळची लेणी पाहायला निघाला. त्या सहलीचे नियोजन कसे होते? वाटेत त्रास होऊ नये म्हणून आपण कोण आहोत हे शक्यतो कळू द्यायचे नाही, असे ठरवून ही मंडळी निघाली होती. तरीही दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो पाण्याला शिवणार नाही या अटीवर, शिपायाच्या पहाऱ्यात. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग आहे. ज्यांच्या बापजाद्यांना सहलीची आखणी करताना आधी जात लपवण्याची आखणी करावी लागली, त्यांच्या मुलांनी आज हॉटेलच्या नोंदवहीत पूर्ण नाव लिहून खोली घ्यावी, ही गोष्ट लहान नाही.

आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. गुलमर्गला इंग्रजांनी स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला तो १९२७ साली. त्याच वर्षी २० मार्चला महाडला आपली माणसे चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायला निघाली होती. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच. एकाच देशात, एकाच वर्षी, काही जण गोठलेल्या पाण्यावर खेळत होते आणि काही जण पाण्याला हात लावला म्हणून मार खात होते.

राहिला पैशाचा प्रश्न. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यायला सांगितले. तो दिला की नाही हे ज्येष्ठांनी आम्हाला जरूर विचारावे, दिला नसेल तर कान धरावा. परंतु दिला असेल तर उरलेल्या एकोणीस भागांचा हिशेब मागू नये.

ज्येष्ठांना इतके सांगून आम्ही मोकळे झालो असतो, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. खरी अडचण पुढे आली, आणि ती आमची आम्हीच ओढवून घेतली.

आधी स्थळाविषयी. पहिले नाव उत्तराखंडातील औलीचे निघाले होते. औलीला जाण्याची वाट जोशीमठवरून. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, इथे जड बांधकामे नकोत, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच बजावले होते. कोणी ऐकले नाही. २०२३ च्या जानेवारीत शेकडो घरांना तडे गेले, कुटुंबे घराबाहेर काढावी लागली आणि जोशीमठ-औली रोपवेही थांबला. आमच्याबरोबर बँकेतल्या भाऊंची आई येणार आहे, वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखरे. तेव्हा गुलमर्ग ठरले.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटर, टंगमर्गवरून चढ चढत जायचे. उंची सुमारे २,६५० मीटर. तिथला गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, दोन टप्प्यांत आहे. पहिला कोंगडूरीपर्यंत, १९९८ चा. दुसरा अफरवटच्या कड्याकडे जवळजवळ ३,९५० मीटरवर, २००५ चा. नवशिक्याने पट्ट्या पायाला बांधून वरच्या टप्प्याच्या वाटेला जाऊ नये, खालच्या सौम्य उतारावरच शिकावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण शिकवणारी संस्था गुलमर्गलाच आहे. स्कीच्या पट्ट्या, बूट, काठ्या भाड्याने मिळतात, विकत घेण्याची गरज नाही. पहिले दोन दिवस पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून वेग मारायला शिकायचे आणि कुशीवर पडायला शिकायचे. पडणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, तेव्हा लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

तारखांचा घोळ वेगळाच. कोर्टाला नाताळची सुटी असते तेव्हा आम्ही मोकळे. परंतु चिल्लई कलान, म्हणजे काश्मिरातील कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला नुकतेच सुरू झालेले असतात आणि पुरेसा बर्फ पडलेला असेलच याची हमी नाही. पूर्वीचा अनुभव आता कामाचा राहिलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. हवामान बदलाचा फटका पहिल्यांदा कोणाला बसतो? हॉटेलमालक दुसरा हंगाम पाहील. स्की शिकवणारा, सामान वाहणारा, घोडेवाला, यांची मात्र त्या वर्षाची चूल विझते. म्हणून आम्ही फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला आणि रद्द करावे लागले तर पैसे परत मिळण्याच्या अटी आधी लेखी घेतल्या.

घरच्यांची भीती वेगळी होती. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसे मारली. त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. ती भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही, सुरक्षेच्या सूचना पाहूनच पाऊल उचलायचे असे आम्ही ठरवले. परंतु त्या २६ जणांत पर्यटकांना वाचवायला धावलेला एक काश्मिरी घोडेवालाही होता, हेही विसरता येत नाही. त्याच्या घोड्यावर बसून लोक फोटो काढून घेत. गोळ्या सुटल्या तेव्हा तो आधी स्वतःचा जीव वाचवून पळाला नाही. अशा माणसांच्या गावी आपण जाणार आहोत. मग त्यांच्याशी आपले नाते ग्राहकाचे राहील की माणसाचे?

या प्रश्नाला तोंड फुटले ते एका मोबाइलवरच्या चित्रफितीने. प्राध्यापकांच्या ओळखीचे कोणी गुलमर्गला जाऊन आले होते. चित्रफितीत ते गृहस्थ लाकडी स्लेजवर, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या बसक्या पाटावर, पाय पसरून बसले आहेत. पुढे फेरन घातलेला, पन्नाशीचा एक माणूस खांद्यावर दोरी घेऊन त्यांना चढावर ओढतो आहे. गुडघाभर बर्फ. तोंडातून वाफ निघते आहे. स्लेजवरचे गृहस्थ हसत हात हलवत आहेत. गुलमर्गला गेलेल्या कोणालाही विचारा, हे दृश्य नेहमीचे आहे.

बँकेतले भाऊ म्हणाले, "मुलांना मजा येईल." रेल्वेतले भाऊ मात्र मोबाइलकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझा बाप स्टेशनबाहेर हातगाडी ओढायचा. मी नाही बसणार."

यावर दोन तट पडले. बसणारे म्हणाले, "आपण बसलो नाही तर त्या माणसाने खायचे काय? तुम्ही माणुसकीच्या गप्पा मारणार आणि तो उपाशी झोपणार." हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोट हे खरे असते. पण हाच युक्तिवाद आपल्या समाजाने पूर्वी ऐकलेला आहे.

मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हाही लोकांनी हिशेब मांडले होते. कातड्याचे इतके, शिंगांचे इतके, हाडांचे इतके, एवढे उत्पन्न बुडवून हा माणूस महारांचे नुकसान करतो आहे, असे छापून आले होते. नागपूरच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी तो किस्सा सांगितला आणि पैशापेक्षा माणसाची इज्जत मोठी हे बजावले. फरक ध्यानात घ्या. दोरी सोडण्याचा निर्णय ओढणाऱ्यांनी घेतला होता आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. इथे आपण बसणारे आहोत. बसणाऱ्याने ओढणाऱ्याला त्यागाचा उपदेश करणे शोभत नाही. बसणाऱ्याचे कर्तव्य दुहेरी आहे. त्याने उठावे, आणि ओढणाऱ्याच्या पोटाची सोयही पाहावी.

कायदाही आता हेच सांगू लागला आहे. आपल्या माथेरानचे उदाहरण घ्या. मोटारगाड्यांना बंदी असलेल्या या थंड हवेच्या ठिकाणी वर्षानुवर्षे माणूस माणसाला रिक्षात बसवून ओढत आला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, ही प्रथा माणुसकीला धरून नाही असे ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. संविधान येऊन पंचाहत्तर वर्षे झाल्यावरही अशी प्रथा चालू ठेवणे म्हणजे भारतीय जनतेने स्वतःला दिलेल्या सामाजिक व आर्थिक न्यायाच्या वचनाचा भंग, असा त्या निकालाचा आशय आहे. महत्त्वाची गोष्ट पुढची. न्यायालय नुसती बंदी घालून थांबले नाही. रिक्षा ओढणाऱ्यांची नीट ओळख पटवून त्यांना ई-रिक्षा भाड्याने चालवायला द्याव्यात, गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर योजना करावी, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. आधी पोट, मग बंदी नव्हे. आधी बंदी, मग पोट असेही नव्हे. दोन्ही एकदम.

वकील म्हणून एक खुलासा केला पाहिजे. तो निकाल माथेरानच्या रिक्षांपुरता होता, गुलमर्गच्या स्लेजचा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हता. म्हणून स्लेजवर बसणे बेकायदा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु निकालाच्या मुळाशी असलेले तत्त्व डोंगराची उंची पाहून बदलत नाही. १९८२ च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, गरजेपोटी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबावे लागणे हीसुद्धा कलम २३ मधली बेगारच आहे. ती बांधकामेही खेळासाठीच होती.

प्राध्यापकांनी एक आडवा प्रश्न टाकला. "मग भाऊंच्या आईचे काय? त्यांना बर्फात चालवत नाही. त्यांनी हॉटेलच्या खिडकीतूनच बर्फ पाहायचा का?" प्रश्न रास्त होता. याचे उत्तर परिचारिका ताईंनी दिले. त्या म्हणाल्या, "आम्ही रुग्णालयात रोज माणसे उचलतो. स्ट्रेचरवरच्या माणसाला उचलण्यात कोणाचा अपमान होत नाही. धडधाकट माणूस स्ट्रेचरवर चढून फेरी मारायला सांगेल, तर तो आमचा अपमान आहे." आमच्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत इतका स्वच्छ युक्तिवाद आम्ही क्वचित ऐकला. अडलेल्याला हात देणे वेगळे आणि धडधाकटाने माणसाला जनावरासारखे जुंपून मजा करणे वेगळे. आईंसाठी जिथे गाडी जाईल तिथे गाडी. जिथे माणसाच्याच आधारे जावे लागेल तिथे तो आधार घ्यायचा, नाव विचारून, बरोबर बसून चहा पिऊन, ठरल्यापेक्षा जास्त देऊन.

अखेर त्या खोलीत आमचे ठरले ते असे. आमच्यातला कोणीही धडधाकट माणूस स्लेजवर बसून स्वतःला ओढवून घेणार नाही. मुलांना स्लेज हवी असेल तर ती भाड्याने घ्यायची आणि चढावर बापाने ओढायची. पाच कुटुंबे मिळून स्थानिक स्की-शिक्षक पूर्ण चार दिवसांसाठी घ्यायचे. विद्या शिकवणाऱ्याचा तो मोबदला आहे, म्हणून एकदा लेखी ठरलेल्या दरात घासाघीस करायची नाही. आपल्या कोर्टातल्या फीमध्ये पक्षकार घासाघीस करतो तेव्हा आम्हाला किती राग येतो, हे आम्ही जाणतो. आणि जो स्लेजवाला पाठी लागेल त्याच्यावर डाफरायचे नाही. त्याला सामान सांभाळणे, वाट दाखवणे, मुलांबरोबर थांबणे असे काम देता आले तर द्यायचे आणि स्लेजच्या फेरीएवढेच पैसे मोजायचे. याने गुलमर्गचा प्रश्न सुटेल असा आमचा भ्रम नाही. परंतु आमच्यापुरती दोरी खाली राहील.

सुरक्षेविषयी दोन शब्द, कारण उत्साहात हे राहून जाते. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीपटू गेला. ही पट्टीची माणसे होती, नवशिकी नव्हती. तेव्हा जम्मू-काश्मीर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा हिमस्खलनाचा इशारा रोज सकाळी पाहावा, आखून दिलेल्या उताराबाहेर जाऊ नये, आणि गाईड नको म्हणाला तर नको. जून २०१७ मध्ये वादळात झाड पडून गोंडोलाचा डबा कोसळला, तेव्हा सात जण मेले. दिल्लीतले चौघांचे एक कुटुंब आणि तीन स्थानिक गाईड. धोका सर्वांना सारखा असतो, तो पत्करण्याचा मोबदला मात्र सारखा नसतो.

विम्याची पॉलिसी असेल तर 'वगळलेल्या बाबी' हे पान आधी वाचा, साहसी खेळांबाबतच्या अटी पॉलिसीगणिक वेगळ्या असतात. 'सर्व जबाबदारी माझी' अशा छापील कागदावर सही घेतली म्हणून आयोजकाचा निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. पावत्या जपून ठेवा.

आता शासनाकडे मागणी. माथेरानला जे न्यायालयाच्या दंडुक्याने करावे लागले, ते जम्मू-काश्मीरच्या पर्यटन खात्याने आपण होऊन करावे. स्लेज ओढणाऱ्यांची नोंदणी करा, त्यांच्यातल्या तरुणांना स्की-शिक्षक व बचाव पथकाचे सरकारी प्रशिक्षण द्या, वयस्कांना बर्फावर चालणारी वाहने सहकारी तत्त्वावर चालवायला द्या, सर्वांना अपघात विमा द्या. ज्या माणसाला बर्फाची प्रत्येक घडी ठाऊक आहे, त्याच्या डोक्याचा उपयोग करायचा सोडून फक्त खांद्याचा उपयोग करणे, हा त्या माणसाचाही अपमान आहे आणि देशाचेही नुकसान आहे.

त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना आम्ही परवा हे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझे तिकीट काढायला उशीर झाला का?" आम्ही म्हटले, "नाही बाबा, रेल्वेतले भाऊ आहेत ना." नागपूरहून कटरा आणि कटऱ्याहून जून २०२५ पासून सुरू झालेल्या रेल्वेने श्रीनगर, असा आता अकरा नव्हे, बारा जणांचा बेत आहे.

समाजबांधवांनी हिंडावे, फिरावे, बर्फावर मनसोक्त पडावे आणि उठावे. मात्र जिथे जाल तिथे आधी पाहावे, आपल्या मजेची दोरी कोणाच्या खांद्यावर आहे. आपल्या बापजाद्यांच्या खांद्यावरचा वळ अजून पुरता मिटलेला नाही. तो दुसऱ्याच्या खांद्यावर आपल्या हाताने उमटू नये, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ झाले.